आमदार गणपतराव देशमुख, सांगोला : आमच्या घराने तीन पिढ्या वापरलेल्या सेवेचा रिव्ह्यू

मी रिव्ह्यू बरेच लिहिते. मिक्सरचा लिहिलाय, पुण्यातल्या खानावळींचे लिहिलेत, मागे वॉटर प्युरिफायरचा लिहिला तो नीट दोन महिने वापरून लिहिला आणि लोकांनी खाली किती बारीक बारीक विचारलं, फिल्टर कधी बदलायचा, सर्व्हिसचा माणूस बोलावल्यावर येतो का. त्यांना उत्तरं देता देता डोक्यात आलं की आमच्या घराने सगळ्यात जास्त वर्षं जी सेवा वापरली, आजोबांनी वापरली, दादांनी म्हणजे माझ्या वडिलांनी वापरली, मी वापरली, तिच्यावर मी आजपर्यंत एक ओळ लिहिलेली नाही. ती म्हणजे आमची आमदारकी. मतदारसंघ सांगोला, जिल्हा सोलापूर, आमदार गणपतराव देशमुख, पक्ष शेतकरी कामगार पक्ष. तालुका त्यांना आबासाहेब म्हणायचा, पक्षातली माणसं भाई म्हणायची.

रेटिंग आधीच सांगते, ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते पण लिहिलंय, आणि तो कापताना मला बरं वाटलेलं नाही, पण रिव्ह्यू म्हटलं की खरं लिहायचं.

बाहेरच्या लोकांना सांगोला कळलं ते २०२२ ला, आमच्या तेव्हाच्या आमदारांचा तो फोन व्हायरल झाला, झाडी आणि डोंगर आणि हाटील, तेव्हा. ऑफिसात मी सांगोल्याची म्हटलं की अजून लोक तेच वाक्य म्हणून दाखवतात. म्हणू देत, पण मला दरवेळी वाटतं की आमच्या तालुक्याची ओळख सांगायला याच्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. हा एक तालुका असा आहे की त्याने एकच माणूस, एकाच पक्षातून, एकाच मतदारसंघातून ११ वेळा विधानसभेत पाठवला. १९६२ ला पहिल्यांदा, मग ६७, मग ७२ ला पडले, ७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, मग ७८, ८०, ८५, ९०, मग ९५ ला पडले, मग ९९, २००४, २००९, आणि शेवटचं २०१४. त्या शेवटच्या वेळी वय होतं ८८. देशभर लाट कुणाची होती ते सगळ्यांना माहितीय, त्या लाटेत लाल बावट्याचा ८८ वर्षांचा उमेदवार २५ हजारांच्या वर लीड घेऊन आला. माणूस मुळात मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, शिकून वकील झालेला, वकिली करायला सांगोल्यात आला आणि सांगोल्याचाच होऊन गेला.

आता तुम्ही म्हणाल ११ वेळा निवडून येणं हा काय सेवेचा पुरावा झाला का, लोक सवयीने पण मत देतात. बरोबर आहे. म्हणून मी पुरावा दुसरीकडून आणलाय, आईच्या कॅलेंडरवरून.

आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या भिंतीला खिळा आहे, त्याला कॅलेंडर लटकवलेलं असतं, दरवर्षी नवीन येतं आणि जुनं आई फेकत नाही, गुंडाळी करून ट्रंकेत ठेवते. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशोब, गाय कधी लागवडीला नेली, कुणाचं लग्न, मयत, आणि पाणी. पाण्यासाठी तिची एकेक अक्षराची खूण आहे. टँकर आला की "टँ". नळाला पाणी आलं की "न". ओढ्याला सोडलेलं पाणी आलं की "ओ". शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई आहे, तिला कुणी सांगितलं नव्हतं असं लिहायला. गेल्या दिवाळीला मी त्या गुंडाळ्या सोडून जमिनीवर पसरल्या आणि एका संध्याकाळी सगळ्या बघितल्या, कागद पिवळे पडलेले, कोपरे कुरतडलेले, फोडणीचं तेल उडून डाग पडलेले. जुन्या कॅलेंडरांवर एप्रिल-मेच्या पानांवर नुसती "टँ टँ टँ", आणि मधले जे रिकामे चौकोन ते सगळ्यात वाईट, कारण त्या दिवशी टँकर पण आलेला नाही. मग पुढच्या कॅलेंडरांवर "न" दिसायला लागतो, आधी तुरळक मग दिवसाआड. आणि अलीकडच्या दहा-बारा वर्षांत "ओ".

माझा रिव्ह्यू खरं तर एवढाच आहे, "टँ" पासून "ओ" पर्यंत. पण ते कसं झालं आणि किती उशिरा झालं ते सांगायला पाहिजे.

सांगोला म्हणजे माणदेश. माण नदी आमच्यातून जाते पण ती वर्षातले बरेच महिने नुसती वाळू असते. शेजारच्या माळशिरस आणि पंढरपूरला नीरेच्या कालव्याचं पाणी, उजनीचं पाणी, तिकडं ऊस, कारखाने. नीरा उजव्या कालव्याचं पाणी आमच्याकडे पण येतं, पण आम्ही टेलला, म्हणजे कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला. ज्याची शेती टेलला असते त्यालाच टेल म्हणजे काय ते कळतं. कागदावर तुमचं क्षेत्र भिजलेलं असतं आणि पोटचारीत शेळ्या बसलेल्या असतात. तर अशा तालुक्याचा आमदार, तोही विरोधी पक्षातला, त्याने नेमकं करायचं काय?

इथे मला आमदारकी या सेवेबद्दल थोडं सांगायचंय कारण बऱ्याच लोकांना वाटतं आमदार म्हणजे फंडातून रस्ता आणि समाजमंदिर देणारा माणूस. ते पण असतंच. पण विधानसभेत २८८ जण बसतात आणि बोलायला वेळ मिळतो तो पक्षाच्या संख्येवर. शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, २०१४ ला किती होते, तर ३. म्हणजे मोठ्या पक्षाच्या माणसाला चर्चेत जेवढा वेळ, त्याच्या किती कमी तुम्हाला, हिशोब करा. अशा आमदाराच्या हातात उरतात ती नियमातली हत्यारं, तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, अर्ध्या तासाची चर्चा. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि वर उपप्रश्न पण झेलावे लागतात. मग त्या उत्तरात मंत्री जे बोलला ते रेकॉर्डवर येतं, आणि पुढच्या अधिवेशनात तेच रेकॉर्ड काढून विचारता येतं की तुम्ही मागच्या वेळी असं म्हणाला होता त्याचं काय झालं. हे काम कंटाळवाणं आहे, याचा फोटो निघत नाही, याची बातमी आतल्या पानावर दोन ओळींची येते. आणि हे तोच करू शकतो जो मागच्या वेळी पण तिथे होता आणि पुढच्या वेळी पण असणार आहे. आबासाहेबांची ताकद माझ्या मते नेमकी हीच होती. मंत्री बदलले, मुख्यमंत्री बदलले, सचिव रिटायर झाले, पाण्याचा प्रश्न विचारणारा माणूस तोच.

मोठी पदं पण आली. विरोधी पक्षनेते होते सत्तरच्या दशकात. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात मंत्री झाले आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या सरकारात परत मंत्री, तेव्हा खाती रोजगार हमी आणि पणन. आमच्या तालुक्याला या दोन खात्यांइतकी जवळची खाती दुसरी नाहीत, ते कसं ते सांगते.

आजोबा ७२ च्या दुष्काळाचं सांगायचे. त्याच वर्षी आबासाहेब निवडणुकीत पडले होते आणि त्याच वर्षी पाऊस पण गेला. आजोबा आणि आज्जी दोघं खडी फोडायला जायचे रस्त्याच्या कामावर, दादा तेव्हा पोरगा, तो पण ढिगाऱ्यावर बसायचा. तिथे सुकडी मिळायची खायला. आज्जीच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत सरळ आलं नाही, हातोडीने चेचलेलं होतं. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, तासगावकडच्या विसापूरला त्यांनी आधी करून बघितली होती, ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ ला तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, म्हणजे पुलोदचंच सरकार असताना, ज्यात आबासाहेब मंत्री होते. काम मागितलं तर देणं सरकारवर बंधनकारक, असा कायदा देशात आपल्या राज्याने पहिला केला आणि केंद्राचा कायदा त्याच्यानंतर पंचवीसेक वर्षांनी आला. ज्या घरातल्या बाईचं नख असं गेलंय त्या घराला रोजगार हमी खात्याचा मंत्री आपल्या तालुक्याचा आहे याचं काय वाटलं असेल ते मला शब्दात सांगता येत नाही. आज्जी ९९ ला म्हणाली होती, "आता आपल्या माणसाकडं हाय त्ये, आता कुणाला पाठवणार न्हाईत." म्हणजे कामावरून माघारी पाठवणार नाहीत.

आणि रोजगार हमीतूनच पुढे १९९० च्या सुमाराला फळबाग लागवड आली, खड्ड्याचे आणि रोपाचे पैसे सरकार देणार. ही योजना काही आबासाहेबांची नव्हे, राज्याची होती, पण सांगोल्यासारख्या मुरमाड जमिनीला तिचा जो फायदा झाला तो बघायला कधीतरी या. डाळिंब! आमच्या थोरल्या भावाने आधी गणेश जातीचं लावलं मग भगवा लावलं. पाणी कमी लागतं, मुरमात येतं, आणि भाव लागला तर घर उभं करतं. सांगोल्याचा डाळिंब बाजार एकदा सकाळी बघा, क्रेटच्या ओळी, व्यापारी फळ हातात घेऊन अंगठ्याने देठाकडचा भाग चाचपतो, रंग बघतो, मग बोली. २०२० च्या डिसेंबरमध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, थेट पश्चिम बंगालच्या शालीमारला. टँकरवर जगणारा तालुका बंगालला फळ पाठवतो! तेल्या रोगाने बागा गेल्या, आमची पण एक गेली, झाडं उपटताना भाऊ दोन दिवस कुणाशी बोलला नाही, पण परत लावली.

मूळ मुद्दा पाणी, त्यावर येते.

१९९३ ला आटपाडीत पाणी परिषद झाली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि आबासाहेब, ही त्या चळवळीतली मोठी माणसं. सातारा, सांगली, सोलापूरच्या १३ दुष्काळी तालुक्यांची मागणी की कृष्णेचं पाणी आम्हाला पण द्या, आमचा पण हक्क आहे, आणि नुसतं बागायतदाराला नको तर समान वाटप करा. दादा जायचे त्या परिषदांना. ट्रकमधून. सोबत भाकरी बांधून द्यायची आई, पाच भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा, आणि परत आल्यावर दादा दोन दिवस परिषदेचंच बोलायचे. तेव्हा गावात लोक म्हणायचे की कऱ्हाडजवळच्या टेंभूहून पाणी उचलून एवढ्या लांब एवढ्या उंचावर कोण आणणार, हे काय होत नसतं. मला आठवतंय, आमचे तात्या ओसरीवर बसून म्हणाले होते, "माझ्या नातवाच्या नातवाला येईल पाणी." ते टप्प्याटप्प्याने उचललं गेलं, कऱ्हाड, कडेगाव, खानापूर, आटपाडी करत आलं, बुद्धेहाळच्या तलावात आलं, माणच्या पात्रात आलं. तात्यांच्या मुलाने ते बघितलं. तात्यांनी नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी शिरभावीची योजना, भीमेचं पाणी पंढरपूरकडून उचलून तालुक्यातल्या ऐंशीच्या आसपास गावांना. मी तेव्हा शिकायला बाहेर होते. सुट्टीला घरी आले तर दारात तोटी. आईने पहिल्या दिवशी काय केलं तर पितळेची घागर, जी तिच्या लग्नातली, जी तिने किती वर्षं डोक्यावर वाहिली, ती चिंचेने घासली आणि तोटीखाली ठेवली आणि ती भरेपर्यंत तिथेच बसून राहिली. प्लास्टिकची कळशी होती घरात, हंडा होता, पण पहिलं पाणी तिने घागरीतच घेतलं. भरल्यावर उचलायला गेली तर सवयीने चुंबळ शोधायला लागली डोक्यावर ठेवायला, आणि घर तर तीन पावलांवर. मी हे डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते, फंडातून किती किलोमीटर रस्ते झाले याची यादी मला कुणी दाखवली तरी माझ्यासाठी ती घागर जास्त आहे.

सूतगिरणीबद्दल पण लिहिलं पाहिजे. सांगोला काही कापसाचा तालुका नाही, आणि तिथे शेतकरी सहकारी सूतगिरणी काढली, कापूस बाहेरून आणायचा आणि सूत बाहेर विकायचं, मग पुढे बायकांची वेगळी सूतगिरणी. राज्यात कितीतरी सहकारी सूतगिरण्या बंद पडल्या, भंगारात गेल्या, ही चालली. आमच्या आळीतली दोन घरं त्या गिरणीच्या पगारावर उभी राहिली, एका घरातली पोरगी बीएस्सी झाली. आमदाराच्या हातात सहकारी संस्था असणं ही आपल्याकडे नवीन गोष्ट नाही, पण ती संस्था तोट्यात न घालता चालवणं ही मात्र रोज उठून करायची गोष्ट आहे.

आणि राहणीमान. याच्यावर सगळेच लिहितात त्यामुळे मी थोडक्यात लिहिते, एसटीने फिरणारा आमदार ही त्यांची महाराष्ट्रभर ओळख होती आणि ती खरी होती. पांढरा साधा सदरा-धोतरातला किरकोळ अंगाचा माणूस. मी त्यांना जवळून कधी भेटले नाही, सभेत लांबून बघितलं दोन-तीनदा. आवाज चढवून बोलायचे नाहीत. टाळ्या मिळवायच्या म्हणून काही बोलायचे नाहीत, आकडे सांगायचे, कुठल्या तलावात किती पाणी, कुठलं काम कुठे अडलंय, आणि माणसं उन्हात बसून ते आकडे ऐकायची. मला तेव्हा कॉलेजच्या वयात ते रटाळ वाटायचं. आता मी स्वतः नोकरीत एकेका फाईलच्या मागे महिनोनमहिने लागते तेव्हा कळतं की त्या आकड्यांमागे किती खेपा असतील.

१९९५ चं सांगते. मी पंधरा वर्षांची. आबासाहेब पडले, शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवलं, आणि फरक किती, १९२ मतांचा. एकशे ब्याण्णव! आमच्या वाडीवस्तीची मिळून त्याच्यापेक्षा जास्त मतं आहेत. दादा त्या रात्री जेवले नाहीत. आईने ताट वाढून झाकून ठेवलं. दादा ओसरीवर बसून बोटं मोजत होते, कोण मुंबईला कामाला गेला होता आणि मतदानाला आला नाही, कुणाची म्हातारी आजारी होती, कुणाला गाडी मिळाली नाही. त्यांना खरंच वाटत होतं की आपण अजून दोन घरं फिरलो असतो तर झालं असतं. एवढं आपलं मानायची माणसं त्या निवडणुकीला. ९९ ला मी पहिल्यांदा मत दिलं, दादांनी मला आणि माझ्या मैत्रिणींना सकाळी सातलाच नेऊन रांगेत उभं केलं. आबासाहेब आले. दादांच्या सदऱ्यावरचा गुलाल धुतल्यावर पण गेला नाही, तो सदरा आई मग शेतात घालायला द्यायची.

आता तो कापलेला एक स्टार.

पहिली गोष्ट वेळ. १९६२ ला निवडून आलेला माणूस आणि कृष्णेचं पाणी आमच्या ओढ्याला लागायला २०१० नंतरचं साल. आजोबांची अख्खी हयात त्यात गेली. याचा सगळा दोष मी त्यांना देत नाही, पैसा सत्तेतल्या लोकांच्या हातात, धरणं त्यांच्या हातात, आणि आमचा आमदार बहुतेक वर्षं समोरच्या बाकावर. पण मग हा पण प्रश्न येतो की आम्ही आणि त्यांनी मिळून समोरच्याच बाकावर बसायचं ठरवलं त्याची किंमत कुणी दिली? आज्जीने आणि आईने दिली, डोक्यावर. शेजारच्या तालुक्यांनी सत्तेच्या जवळ राहून लवकर मिळवलं हे खरं आहे आणि ते नाकारून काही होणार नाही. दादांशी माझं यावर कायम भांडण व्हायचं. ते म्हणायचे, पक्ष बदलला असता तर पाणी आलं असतं पण मग ते पाणी कुणाच्या शेतात गेलं असतं ते बघ. समान वाटपाची मागणी सत्तेच्या बाकावरून झाली असती का, हे त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटलेलं नाही आणि पूर्ण खोटं पण म्हणता येत नाही.

दुसरं, पोरांना काम. डाळिंब आणि गिरणी सोडून तालुक्यात फार काही उभं राहिलं नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं पुणे-मुंबईला, काही जण गलाई कामाला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला, पार दुसऱ्या राज्यात गेली. मी पण त्यातलीच. दुष्काळाच्या वर्षी चारा छावणीत आमची खिलार जनावरं दावणीला बांधून दादा तिथेच झोपायचे आणि मी पुण्यातून पैसे पाठवायचे.

आणि तिसरं जे मला सगळ्यात लागतं, पुढचा माणूस वेळेत तयार झाला नाही. पन्नासहून जास्त वर्षं एकच चेहरा, सगळा पक्ष तालुक्यात त्या एका माणसाभोवती. २०१९ ला वयामुळे त्यांनी उभं राहायचं नाही ठरवलं, ९३ वर्षांचं वय, कोण काय म्हणणार. पण मग उमेदवारीचा गोंधळ झाला, आधी दुसरं नाव पुढे आलं, मग कार्यकर्त्यांच्या आग्रहावरून नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले, आणि पडले, ७६८ मतांनी. परत तेच, एवढ्याशा मतांनी. दादा तेव्हा हयात होते. ९५ सारखे बोटं मोजत बसले नाहीत यावेळी, गप्प बसले. म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पर लोकांना आबाच पायजे होते." ज्या सेवेला दुसरा माणूस लावून चालत नाही ती सेवा लोकांनी नंतर कुणाकडे मागायची?

३० जुलै २०२१ ला आबासाहेब सोलापूरला दवाखान्यात वारले. ९४ वर्षांचे होते. कोरोनाचे दिवस, मी पुण्यात होते. आईचा फोन आला तेव्हा ती बोललीच नाही काही वेळ, मला वाटलं दादांनाच काही झालं. दुसऱ्या दिवशी सांगोल्याला माणूस मावत नव्हता, दादा गेले होते, गुडघ्याच्या दुखण्यासकट, मास्क लावून, भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून. त्या तारखेच्या चौकोनात आईने "आबा" एवढंच लिहिलंय. बाकी त्या दिवशीचं दूध पण लिहिलेलं नाही. त्या ट्रंकेतल्या सगळ्या गुंडाळ्यांमध्ये दूध न लिहिलेले असे चौकोन फार थोडे आहेत.

पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुतळ्याचं अनावरण झालं, शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस एकाच स्टेजवर आले म्हणून टीव्हीवर दिवसभर त्याच बातम्या, कोण कुणाकडे बघून हसलं वगैरे. ज्याचा पुतळा त्याच्याबद्दल फार कमी बोलले चॅनेलवाले, मला त्याचं वाईट वाटलं.

कुणासाठी आहे ही सेवा, असं रिव्ह्यूमध्ये लिहायची पद्धत आहे. तुम्हाला महिन्यात रस्ता पाहिजे असेल, दहाव्याला, वाढदिवसाला, बारशाला आमदार दारात पाहिजे असेल, पोराच्या नोकरीसाठी चिठ्ठी पाहिजे असेल, तर असा आमदार तुम्हाला जमणार नाही. तुमचा प्रश्न एका टर्ममध्ये सुटणारा नसेल, दोन टर्ममध्ये पण सुटणारा नसेल, तर मात्र असाच माणूस लागतो. आमचा प्रश्न तसला होता. आणि तरुण आमदारांना, कुठल्याही पक्षाच्या, माझं मनापासून सांगणं आहे की सभागृहात बसून राहा, मागच्या उत्तरांचं रेकॉर्ड काढा, तोच प्रश्न परत विचारा. फोटो नाही आला तरी चालेल. कुठल्यातरी घरात कुणीतरी कॅलेंडरवर लिहून ठेवत असतं.

२०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले, शेकापमधूनच, लीड २५ हजारांच्या वर, आजोबांच्या शेवटच्या निवडणुकीच्या जवळपास तेवढंच. विधानसभेत त्या पक्षाचे ते एकटेच आहेत. त्यांचा रिव्ह्यू मी आत्ता लिहिणार नाही, एक टर्म पूर्ण होऊ दे. दादा हा निकाल बघायला राहिले नाहीत. आईला मी विचारलं यावेळी ओढ्याला किती दिवस पाणी होतं, तर ती म्हणाली, थांब, चष्मा घेते, आणि फोन तसाच चालू ठेवून भिंतीकडे गेली, आणि मला इकडे पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.